नोकरीच्या दारातील जात आणि दाराच्या आतील जात

खाजगी नोकरीतील जातिभेद हा आपल्या समाजाच्या अनुभवाचा विषय फार पूर्वीपासून आहे. तो रीतसर संशोधनाचा विषय मात्र अलीकडच्या काळात झाला. अनुभव कितीही खरा असला तरी समोरचा माणूस त्याला 'तुमचा गैरसमज' म्हणून बाजूला सारू शकतो. पद्धतशीरपणे गोळा केलेल्या आकड्याला तसे सारता येत नाही. या दृष्टीने प्रा. सुखदेव थोरात आणि कॅथरीन न्यूमन यांनी संपादित केलेला व ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेला 'ब्लॉक्ड बाय कास्ट' हा ग्रंथ अत्यंत महत्त्वाचा आहे. प्रा. थोरात हे मूळचे अमरावती जिल्ह्याचे, म्हणजे आपल्या वऱ्हाडचेच. परंतु ग्रंथ इंग्रजीत असल्यामुळे ज्यांच्याविषयी तो लिहिला गेला, त्यांच्यापैकी बहुसंख्यांच्या हाती तो पोचलेला नाही.

प्रस्तुत लेखात या ग्रंथातील व त्याच्याशी निगडित अशा संशोधनाचे परीक्षण बुलढाणा जिल्ह्यातील वाचकाच्या जागेवरून करावयाचे आहे. प्रश्न दोन आहेत. हे संशोधन नेमके काय सिद्ध करते? आणि ज्या मोजपट्टीने ते भेदभाव मोजते, ती मोजपट्टी आपल्या जिल्ह्यातील कामाच्या जागेला पुरते काय?

अर्जांची कसोटी

ग्रंथातील सर्वाधिक चर्चिला गेलेला अभ्यास प्रा. थोरात व पॉल अटेवेल यांचा आहे. त्याची पद्धत समजून घेण्यास सोपी आहे. ऑक्टोबर २००५ पासून ६६ आठवडे दिल्ली, मुंबई, चेन्नई, हैदराबाद व बंगळूर येथील प्रमुख इंग्रजी वृत्तपत्रांतील खाजगी कंपन्यांच्या जाहिराती गोळा करण्यात आल्या. ५४८ जाहिरातींना एकूण ४,८०८ अर्ज पाठविण्यात आले. शिक्षण सारखे, अनुभव सारखा. फरक केवळ नावाचा. एका अर्जावर उच्चवर्णीय हिंदू म्हणून ओळखू येणारे नाव, दुसऱ्यावर दलित, तिसऱ्यावर मुस्लिम. मग कोणाला पुढच्या टप्प्याचे बोलावणे येते, याची नोंद ठेवण्यात आली.

उच्चवर्णीय नावाच्या बाबतीत अनुकूल उत्तराचे प्रमाण १ धरले, तर संख्याशास्त्रीय गणिताने दलित नावाच्या बाबतीत ते ०.६७ आणि मुस्लिम नावाच्या बाबतीत ०.३३ इतकेच निघाले. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी की, हे अर्जदार कोणीही प्रत्यक्ष पाहिलेले नव्हते. त्यांची भाषा ऐकलेली नव्हती, कपडे पाहिलेले नव्हते, आरक्षणाचा तर प्रश्नच नव्हता. 'योग्यता नाही म्हणून घेतले नाही' हा जो युक्तिवाद आपल्या तरुणांच्या तोंडावर नेहमी फेकला जातो, त्याचा आधारच या अभ्यासाने काढून घेतला. योग्यता सारखी असतानाही नाव आडवे आले, हे त्याने दाखवून दिले.

त्याच ग्रंथातील एस. मधेश्वरन व अटेवेल यांचा वेतनविषयक अभ्यास या निष्कर्षाला पूरक आहे. समान पात्रतेच्या इतरांच्या तुलनेत अनुसूचित जाती-जमातींच्या कामगारांना भेदभावामुळे सुमारे १५ टक्के कमी वेतन मिळते, आणि हा परिणाम सरकारी क्षेत्रापेक्षा खाजगी क्षेत्रात अधिक मोठा आहे, असे त्यांना आढळले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, एकाच कामाला कमी पगार देणे यापेक्षा चांगल्या कामापर्यंत पोचूच न देणे हे या तफावतीचे मोठे कारण असल्याचे त्यांनी नोंदविले आहे.

विरुद्ध बाजूचा पुरावा

परीक्षकाने केवळ आपल्या सोयीचा पुरावा पुढे करू नये. अभिजित बॅनर्जी, मारियान बर्ट्रांड, सौगातो दत्ता आणि सेंधिल मुल्लैनाथन यांनी दिल्ली परिसरात याच पद्धतीचा प्रयोग केला व तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ३७१ जागांसाठी ३,१६० अर्ज पाठविण्यात आले. सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांत अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गीय नावांविरुद्ध भेदभाव झाल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. कॉल सेंटरच्या नोकऱ्यांत मात्र फरक दिसला. तो इतर मागासवर्गीयांच्या बाबतीत अधिक आणि अनुसूचित जातींच्या बाबतीत त्याहून कमी होता. मुस्लिम नावांबाबत लक्षणीय फरक आढळला नाही.

हा निष्कर्ष थोरात-अटेवेल यांच्या निष्कर्षाशी पूर्णपणे जुळत नाही, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. पण त्यातील एक धागा विचार करण्याजोगा आहे. संगणकाचे काम येते की नाही, हे परीक्षा घेऊन ठरविता येते. कॉल सेंटरमध्ये मात्र बोलण्याची ढब, उच्चार, 'वळण' या गोष्टी पाहिल्या जातात, आणि त्या मोजण्याचे माप मालकाच्या मनात असते. माझ्या मते या दोन नोकऱ्यांतील फरकाचा अर्थ येथे शोधावा लागेल. कामाचा जो भाग लिहून ठेवलेला आहे तेथे जातीला शिरकाव करणे अवघड जाते. जो भाग अलिखित आहे तेथे तिला जागा सापडते. या मुद्द्याकडे पुढे पुन्हा यावयाचे आहे.

बुलढाण्यातून पाहताना

आता हीच मोजपट्टी आपल्या जिल्ह्याला लावून पाहू. २०११ च्या जनगणनेनुसार बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २५ लाख ८६ हजार असून तीत अनुसूचित जातींचे प्रमाण सुमारे १८ टक्के आहे. पाचातील चार माणसे खेड्यांत राहतात. येथील खाजगी रोजगार म्हणजे खामगाव-मलकापूरकडील जिनिंग-प्रेसिंग, बाजार समितीतील हमाली, दुकाने, हॉटेले, खाजगी शाळा, दवाखाने आणि शेतमजुरी. यांतील किती कामांची जाहिरात इंग्रजी वर्तमानपत्रात येते? बहुतेक ठिकाणी अर्जच नसतो. माणूस माणसाला आणतो, मुकादम आपली टोळी आणतो, ओळखीचा ओळखीच्याला लावतो. जेथे अर्ज नाही, तेथे नाकारलेला अर्जही नाही. आणि नाकारलेला अर्ज नाही म्हणून भेदभावाची नोंदही नाही. महानगरातील अर्ज मोजणारे संशोधन या जागी येऊन थांबते.

दुसरी अडचण नावाची आहे. या पद्धतीचा सगळा भार आडनावावर आहे. पण आपल्याकडे इंगळे, जाधव, मोरे, पवार, वानखडे ही आडनावे अनेक जातींत सारखीच आढळतात. म्हणून येथे आडनाव ऐकून प्रश्न संपत नाही, 'गाव कोणते?', 'गावात घर कोणीकडे?' असे पुढचे प्रश्न येतात. हे प्रश्न विचारणाऱ्याच्या तोंडी जातीचा उल्लेखही नसतो, पण उत्तर देणाऱ्याला आपल्याला काय विचारले आहे ते नेमके कळते.

उलट आपल्या समाजात ओळख पटते ती पुष्कळदा पहिल्या नावावरून. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या घरांतून मिलिंद, सिद्धार्थ, गौतम, सुजाता, संघमित्रा ही नावे जाणीवपूर्वक ठेवली गेली. जुनी हिणवणारी नावे टाकून आईबापांनी मुलांना दिलेली ती पहिली प्रतिष्ठा होती. तेच नाव नोकरीच्या दारात खूण म्हणून वाचले जात असेल, तर आपल्या मुलाचे नाव काय ठेवावे, या अगदी घरातल्या निर्णयावरही भेदभावाची छाया पडते. संशोधकांनी आडनावाऐवजी या पहिल्या नावांची कसोटी महाराष्ट्रात लावून पाहिली, तर एक नवे दालन उघडेल.

बाबासाहेबांची पद्धत

येथे एक प्रश्न उभा राहतो. अर्ज मोजण्याखेरीज कामाच्या जागेवरील भेदभावाचा अभ्यास कसा करावा? याचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जाण्याची गरज नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते पूर्वीच देऊन ठेवले आहे.

मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगार सूतकताईत होते, पण अधिक मजुरीच्या विणकाम खात्यात त्यांना प्रवेश नव्हता. कारण काय सांगितले जाई? तुटलेला धागा थुंकीने ओला करून जोडावा लागतो, म्हणून अस्पृश्याचा हात व ओठ लागलेले सूत स्पृश्य कामगारांना चालत नाही. १९२८ च्या संपाच्या वेळी हा अडथळा दूर करण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घातली जावी, असा आग्रह बाबासाहेबांनी धरला. गंमत अशी की, नागपूर-वऱ्हाडकडे महार समाज जाडेभरडे कापड विणण्याचे काम परंपरेने करीत आला होता. म्हणजे विणण्याचे कौशल्य नव्हते असे नाही. आड येत होती ती कामातील एक बारीकशी कृती, जिच्यात ओठांचा संबंध होता.

१२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाड येथे जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली भरली. कामगारांचे दोन शत्रू म्हणून त्यांनी ब्राह्मणशाही व भांडवलशाही यांचा निर्देश केला, म्हणून हे भाषण प्रसिद्ध आहे. पण त्याच भाषणातील एक निरीक्षण आजच्या विषयाच्या दृष्टीने तितकेच मोलाचे आहे. रेल्वेतील अस्पृश्य कामगार आयुष्यभर गँगमन म्हणूनच का राहतो, हा प्रश्न त्यांनी घेतला. त्याला साधा पोर्टरही का होता येत नाही? कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचीही कामे करावी लागतात, आणि सवर्ण स्टेशनमास्तरला अस्पृश्याचा घरातील वावर चालत नाही. पोर्टरच्या कामाच्या कोणत्याही नियमात घरकामाचा उल्लेख नसणार. तरीही त्या अलिखित कामानेच अस्पृश्याची बढती अडविली.

मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही आपल्या जिल्ह्यातील स्टेशने याच जी.आय.पी. रेल्वेच्या मार्गावरील आहेत. जलंबहून खामगावला जाणारा फाटा तर कापसाच्या वाहतुकीसाठी १८७० मध्येच सुरू झाला होता. या मार्गावर खडी टाकणाऱ्या व रूळ सांभाळणाऱ्या गँगमध्ये आपल्या कित्येकांचे आजे-पणजे होते. तेव्हा मनमाडचे ते भाषण आपल्या जिल्ह्याच्याही कामगार-इतिहासाचा भाग आहे.

बाबासाहेबांचा स्वतःचा अनुभवही याच जातीचा होता. १९१७ मध्ये बडोद्याच्या कचेरीत शिपाई त्यांच्याकडे कागदपत्रे दुरून फेकीत. १९१८ मध्ये सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक म्हणून नेमणूक झाल्यावर प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या भांड्यातून पाणी पिण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. दोन्ही ठिकाणी नेमणुकीचा हुकूम हातात होता. अर्जाच्या कसोटीत असा माणूस 'यशस्वी' म्हणून नोंदला गेला असता. दाराच्या आत काय झाले, ते त्या नोंदीत कधीच आले नसते.

या सर्व उदाहरणांतून एक पद्धत स्पष्ट होते. बाबासाहेब केवळ 'नोकरी मिळाली का?' एवढेच विचारीत नाहीत. 'त्या नोकरीत असे कोणते अलिखित काम, अशी कोणती वस्तू किंवा कृती आहे, की जिच्यामुळे एका जातीचा माणूस तेथे चालत नाही?' असे ते विचारतात. थुंकी, पाणी, कागद, घरातील वावर: जात या ठिकाणी धरून बसलेली असते.

आजच्या संशोधनाचे पुनर्वाचन

ही कसोटी हाती घेऊन 'ब्लॉक्ड बाय कास्ट' पुन्हा वाचला की, त्यातील ज्या प्रकरणांची चर्चा कमी झाली तीच अधिक महत्त्वाची वाटू लागतात. सुरिंदर जोधका व न्यूमन यांनी दिल्ली परिसरातील कंपन्यांच्या २५ मनुष्यबळ अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. आम्ही गुणवत्ताच पाहतो, असे सांगणारे हे अधिकारी उमेदवाराची 'कौटुंबिक पार्श्वभूमी' विचारणे मात्र आवश्यक मानत होते. वडील काय करतात, घरचे वातावरण कसे, यांवरून ते उमेदवाराची पात्रता ठरवीत. अश्विनी देशपांडे व न्यूमन यांच्या अभ्यासातील दलित विद्यार्थ्यांनीही मुलाखतीतील या प्रश्नाचा जाच सांगितला आहे. आपल्याकडील 'गावात घर कोणीकडे?' या प्रश्नाचेच हे इंग्रजी वळण होय.

बाबासाहेबांच्या पद्धतीच्या सर्वांत जवळ जातो तो प्रा. थोरात व जोएल ली यांचा अभ्यास. राजस्थान, उत्तर प्रदेश, बिहार, आंध्र प्रदेश व तामिळनाडू या पाच राज्यांतील ५३१ गावांतून शाळेतील मध्यान्ह भोजन व रास्तभाव दुकाने यांची पाहणी करण्यात आली. दलित स्वयंपाकिणीची नेमणूक टाळणे, ती झाल्यास पालकांनी विरोध करणे, असे प्रकार त्यात नोंदले गेले. येथे योग्यतेचा प्रश्नच येत नाही. डाळ-भात कोणालाही शिजविता येतो. प्रश्न येतो तो हाताचा. या पाहणीत महाराष्ट्र नव्हता. आपल्या जिल्ह्यातील शाळांत खिचडी कोण शिजविते, अंगणवाडीत मदतनीस कोण आहे, पाणी कोण भरते आणि संडास कोण साफ करते, याची गावनिहाय यादी केली तर ती सरकारी आकडेवारीपेक्षा अधिक बोलकी ठरेल.

कोणी म्हणेल, स्टेशनमास्तरच्या घरकामाची गोष्ट आता जुनी झाली. पण नोकरीला घरकाम जोडण्याची रीत किती चिवट असते ते पाहावे. रेल्वेतील वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या निवासस्थानी 'बंगला प्यून' नेमण्याची प्रथा स्वातंत्र्यानंतरही अनेक दशके चालू राहिली. अशा नव्या नेमणुका थांबविण्याचा आदेश निघण्यास ऑगस्ट २०२० उजाडावा लागला.

विविधता की समता?

अलीकडे मोठ्या कंपन्यांत 'विविधता' हा शब्द प्रतिष्ठा पावला आहे. त्याचे स्वागत करताना सावधगिरी हवी. विविधता म्हणजे अनेक प्रकारची माणसे एकत्र असणे. परंतु जात हा केवळ प्रकार नव्हे, ती पायऱ्यांची रचना आहे. झाडलोट करणाऱ्यापासून संचालकापर्यंत सर्वांची मोजणी एकत्र केली, तर ज्या कचेरीत सर्व दलित तळाच्या पायरीवर आहेत, तीही कचेरी 'विविध' ठरेल. डी. अजित, हान डॉन्कर व रवी सक्सेना यांनी देशातील एक हजार मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळांचा २०१० मधील आकड्यांवरून अभ्यास केला व तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे ९३ टक्के संचालक उच्च जातींचे आणि अनुसूचित जाती-जमातींचे केवळ ३.५ टक्के, असे त्यात दिसून आले. म्हणून कोण आहेत एवढे न विचारता कोण कोठे आहे, हे विचारले पाहिजे. परदेशातही आता हा प्रश्न पोचला आहे. भेदभावविरोधी कायद्यात जातीचा समावेश करणारे अमेरिकेतील पहिले शहर म्हणून फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटलची नोंद झाली.

धम्माच्या परंपरेत या प्रश्नाचे भान फार जुने आहे. विनयपिटकातील उपालीची कथा आपण श्रद्धेने ऐकतो, पण तिच्यातील व्यवस्थेचा विचार क्वचित करतो. शाक्य राजकुमार व त्यांचा न्हावी उपाली हे प्रव्रज्येसाठी एकत्र आले. आपला अभिमान गळावा म्हणून राजकुमारांनी उपालीला प्रथम प्रव्रज्या देण्याची विनंती केली. भिक्षुसंघात ज्येष्ठता जन्मावरून नव्हे, तर दीक्षेच्या क्रमावरून ठरते. त्यामुळे कालचा सेवक उद्याचा वंदनीय झाला. संघाने उपालीला नुसता प्रवेश दिला नाही, तर आतील क्रम बदलला. 'विविधता' आणि 'समता' यांतील अंतर या एका प्रसंगात सामावलेले आहे.

सिगालोवाद सुत्तात मालकाची सेवकाप्रती पाच कर्तव्ये सांगितली आहेत: शक्तीनुसार काम, अन्न व वेतन, आजारपणात शुश्रूषा, चांगल्या पदार्थांत वाटा आणि वेळेवर सुटी. ही कर्तव्ये इतरांना ऐकविण्याआधी आपणही तपासून पाहावीत. आज आपल्यातील अनेक जण अधिकारपदी आहेत, कोणी दुकान किंवा संस्था चालवितात. आपल्या हाताखालील सफाई कामगाराचा कप वेगळा आहे काय, त्याला आपण खुर्ची देतो काय, हा प्रश्न टाळून चालणार नाही. बाबासाहेबांनी मनमाडला ब्राह्मणशाहीचा अर्थ एका जातीपुरता मर्यादित ठेवला नव्हता. स्वातंत्र्य, समता व बंधुता नाकारणारी वृत्ती असा तो व्यापक अर्थ होता. तो आपल्यालाही लागू होतो.

सारांश असा की, या ग्रंथातील संशोधनाने नोकरीच्या दारातील जात उजेडात आणली, हे त्याचे ऋण मोठे आहे. दाराच्या आतील जात उजेडात आणण्याचे काम मात्र दुरून पत्रे पाठवून होणार नाही. ते येथेच राहून करावे लागेल. जिल्ह्यातील प्रत्येक विहारात वाचणारे-लिहिणारे तरुण आहेत. निवृत्त गँगमन, जिनिंगमधील मजूर, हमाल, परिचारिका, अंगणवाडी मदतनीस, खाजगी शाळांतील शिक्षक यांच्याकडून त्यांनी तीन साधे प्रश्न विचारून उत्तरे लिहून घ्यावीत. तुमच्या कामाचा अलिखित भाग कोणता होता? कामाच्या जागी पाणी व चहा कोणत्या भांड्यातून मिळे? आणि तुमच्यानंतर आलेला कोण, कसा तुमच्या पुढे गेला? उत्तर देणाऱ्यांची नावे गुप्त ठेवावीत, पण गाव, वर्ष आणि काम अचूक नोंदवावे. आणि हे सर्व मराठीत लिहावे. आपल्या गँगमन आजोबांना पोर्टर का होता आले नाही, याचे उत्तर ज्यांच्यापाशी होते, त्यांच्यापैकी बरेच आज हयात नाहीत. जे आहेत, त्यांना विचारण्यास उशीर होऊ नये.